तात्या पडून राहिले

पुण्यात परतल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "वऱ्हाडात ऊन फार का हो?" आहे, ऊन आहे. पण एवढा आगगाडीचा धूर खाऊन मी नुसतं ऊन पाहून आले असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. जे गेलेले नाहीत त्यांनी वाचावं, आणि जे वऱ्हाडला "लांब आहे बाई" म्हणून नाक मुरडतात त्यांनी तर अवश्य वाचावं. मीही मुरडत होतेच.

माझी धाकटी बहीण वत्सला शेंदूरजनाघाटला दिलेली. वडील नोकरीपायी काही वर्षं अमरावतीला होते, तेव्हा तिचं तिकडे जमलं. मी त्याआधीच लग्न होऊन पुण्यात. दिवाळीला तीच माहेरपणाला माझ्याकडे यायची, त्यामुळे तिचं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. यंदा तिचे यजमान, म्हणजे आमचे तात्या, कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. वत्सलाने निरोप धाडला होता, "मतं पडून जाऊ देत, मग ये. आत्ता आलीस तर बसायला सतरंजीचा कोपरा मिळायचा नाही." म्हणून मतदान उरकल्यावर, मोजणी व्हायच्या आत, मी निघाले.

बायकांचा डबा आणि अकोला

भुसावळ सोडल्यावर डब्यात मूर्तिजापूरची एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. बसल्या बसल्या तिने मला कुठली, कोणाची, मुलं किती, जेवली का, असं सगळं विचारून घेतलं. पुण्यात एवढी चौकशी व्हायला तीन वर्षं शेजारी राहावं लागतं. मीही मग विचारलं, "निवडणूक झाली का तुमच्याकडे?"

"झाली वो माय! सुटलो आमी," ती म्हणाली. "आमच्या घरी मोटार, म्हून सगळे आमच्याच घरी. मालक घरी याचे तं संगं वीस मानसं घेऊन याचे. आता एक दिवस मले त्यायच्या एकट्याच्या ताटात वाढाचं हाये. मानूस कसा दिसते तेच इसरली मी."

तिच्या या बोलण्याने मला एक खेळच सापडला. पुढे भेटेल त्याला मी विचारायचं ठरवलं, की बाबा, हा गोंधळ संपला, आता तुला काय हवंय?

अकोल्याच्या टांगेवाल्याचं उत्तर तयारच होतं. सकाळी एका पक्षाची माणसं घोड्याच्या कपाळावर आपल्या रंगाची पट्टी बांधायची, दुपारी दुसऱ्या पक्षाची ती सोडून आपली बांधायची. "बाई, घोडा परेशान झाला ना! आता त्याले बिनपार्टीचं हिंडू द्याचं," तो म्हणाला. रस्त्याने कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या होत्या आणि बाभळीच्या काट्यांना कापूस लटकला होता. घोडा मजेत चालला होता. त्याला निकालाची काही पडलेली दिसली नाही.

अकोल्यात तात्यांच्या आत्या राहतात, त्यांच्याकडे माझा मुक्काम होता. त्यांच्या घराची रस्त्याकडची भिंत दोन्ही पक्षांनी गेरूने रंगवून टाकली होती, एकावर एक, त्यामुळे कोणाला मत द्या ते वाचता येत नव्हतं. आत्या मला पाय धुवायला पाणी देतानाच म्हणाल्या, "होळीच्या आदी चुना मारतो पाय मी त्या भिंतीले. मंग पाहातो कोन हात लावते तं!"

त्यांच्याकडे माझी पहिली फजिती झाली. आत्या आतून ओरडल्या, "आज सांबाराच्या वड्या करून राहिलो वो!" मी गळ्यात माळ घातलेली बाई. सांबर म्हणजे आमच्याकडे रानातलं शिंगवालं जनावर. मी हात जोडून म्हणाले, "आत्या, मला नुसता दहीभात चालेल हो." त्यांना काही उमजेना. मग त्यांनी कोथिंबिरीची जुडीच माझ्या नाकाशी आणून धरली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात! वड्या मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. खसखस-खोबऱ्याचं ते सारण आणि वरचं खमंग आवरण आठवून पुण्यात दोनदा करून पाहिल्या, तशा झाल्या नाहीत.

पण त्या जेवणात मला एक व्याकरण मात्र कळलं. इथे "करतोय" असं कोणी म्हणत नाही, "करून राहिलो" म्हणतात. पाऊस पडून राहिला म्हणजे पडतो आहे. मूल रडून राहिलं म्हणजे रडतं आहे. दुसऱ्या दिवशी निघताना मी आत्यांना ऐटीत सांगितलं, "येते हं, मी आता जाऊन राहिले." आत्या पोट धरधरून हसल्या. आता वऱ्हाडी आपल्याला आली, असा माझा पक्का समज झाला. पुढे जे झालं ते याच समजापायी.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले. शेंदूरजनाघाटची सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरायला ती किती वेळ घेईल हे देवालाच ठाऊक. म्हणून देवीलाच विचारावं असं ठरवून अंबादेवीच्या देवळात जाऊन आले. बाहेर एक माळीण झेंडूचे हार घेऊन बसली होती. तिचं काय म्हणणं, म्हणून तिलाही विचारलं.

ती म्हणाली, "आमाले काय वो बाई? कोनी निवडून येवो, कोनी पडो, हार आमचाच. पन खरं सांगू काय? या गर्दीत देवीले ताजा हार वाह्याचा राहूनच गेला. उद्याची मोजनी झाली की पयला हार तिचा."

देवळासमोर बसून देवीलाच थांबायला लावणारी ही बाई मला फार आवडली. तिने हे लाजून सांगितलं नाही, की मी काय म्हणेन याची पर्वाही केली नाही. वऱ्हाडची माणसं बोलायला रोखठोक, असं पुण्यात म्हणतात. ते खरं आहे, पण पुण्यात ते कुरकुर म्हणून सांगतात. आमच्याकडे मनातलं बोलायचं तर आधी चार दारं लावावी लागतात. इथे दार मुळी उघडंच असतं.

मोटार सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कोणाचंतरी पडवळाचं गाठोडं होतं आणि टपावर बकरी ओरडत होती. दोन्हीकडे काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधेच हिरवा गहू. आमच्या मावळात जमीन सारखी उठते-बसते. इथे ती ऐसपैस निजलेली आहे. मोर्शीच्या पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली, आणि वरूड मागे पडल्यावर एकदम बगीचे सुरू झाले. वऱ्हाडात संत्र्याच्या बागेला बगीचा म्हणतात. झाडाच्या मानाने फळं इतकी, की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. मला वाटलं होतं संत्रं म्हणजे टोपलीतली वस्तू. झाडावर ते असं दिसतं हे कोणी मला आधी का सांगितलं नाही, याचा मला खरोखर राग आला.

शेंदूरजनाघाट

तात्या ओसरीवर उभे होते. गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेला, डोळे खोल गेलेले, आणि आवाज पार बसलेला. "या अक्का," हे दोन शब्दही फुंकर मारल्यासारखे आले. गावोगाव भाषणं करून त्यांनी घशाचं मातेरं केलं होतं. वैद्याने तिखट बंद केलं होतं. वऱ्हाडी माणसाचं तिखट बंद करणं ही काय शिक्षा आहे ते ठेचा खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

"आता काय हवंय तात्या? सीट?" मी चिडवलं.

त्यांनी मान हलवली. "रोडगे," ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले.

रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोळ्याच्या आत गोळा असे थर देऊन केलेले, आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, पुरून भाजलेले. वर तुपाची धार, बरोबर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हे घरात करायचं काम नाही. उघड्यावर करायचं, आणि पुरुषांनी करायचं.

वत्सला स्वयंपाकघरात माझ्या ताटात भाकरी टाकताना हळूच म्हणाली, "अक्का, रोडग्याचं तूच इचारलं. मी तं नावच काढत नाही." तिचं बोलणं आता अर्धं वऱ्हाडी झालंय. मग तिने सगळं सांगितलं.

तात्यांचे एक जिवलग मित्र आहेत, नामदेवराव. दोघांचे बगीचे लागून, मधे एकच विहीर. लहानपणापासून यांचा चहा त्यांच्याकडे, त्यांचा यांच्याकडे. दरवर्षी संत्र्याची तोड सुरू व्हायच्या आधी दोघांनी बगीच्यात रोडगे करायचे, हा शिरस्ता. कणीक तात्यांनी मळायची, आर नामदेवरावांनी लावायचा. यंदा तात्या उभे राहिले, आणि नामदेवरावांनी याच ओसरीवर बसून तोंडावर सांगितलं, "मी समोरच्याचं काम करनार हावो." तात्यांचं डोकं फिरलं. ते म्हणाले, "मंग माह्या दारात पाय ठेवू नको." नामदेवराव उठले, पायतण घातलं आणि गेले. तेव्हापासून विहिरीवर एक सकाळी जातो आणि दुसरा दुपारी.

"यांनी येऊ नको म्हटलं, म्हून ते येत नाहीत. अन् ये म्हनायले यांची जीभ वळत नाही," वत्सला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सीट मिळो का न मिळो, अक्का. नामदेवभाऊजींचा खोकला ओसरीवर आयकू आला पायजे. नाही तं हा मानूस आतून वाळून जाईल."

मला खरं सांगायचं तर धसका बसला. आमच्या पेठेत वाड्याच्या मोरीवरून अबोला धरलेले दोघे भाऊ मला माहीत आहेत. एक वारला तेव्हा दुसरा खिडकी लावून बसला होता.

बाजार

दुसऱ्या दिवशी अमरावतीला मोजणी होती. सकाळी तात्या कोणाला काही न सांगता कणकेची पिशवी आणि तुपाचा डबा घेऊन बगीच्यात निघून गेले. वत्सला म्हणाली, "जाऊ दे. लोकं इचाराले येतील, त्यांच्यापासून तरी दूर." निघताना ते खोकत होते आणि डोळे लाल दिसत होते. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

दुपारी वांगी आणायला मी बाजारात गेले. इकडची वांगी लहान, काटेरी, आणि भाजीवाली ती देताना एकेकाला दाबून पाहते. तेवढ्यात अमरावतीची मोटार आली. ड्रायव्हर खाली उतरून कोणाला तरी काही म्हणाला, आणि ते भाजीवालीने ऐकून मला सांगितलं, "आयकलं काय बाई? तुमचे तात्या पडून राहिले म्हंते."

माझ्या हातातली वांगी तिथेच पडली. माणूस पडून राहिला म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ होतो, कोसळून निपचित पडला. अकोल्यात शिकलेलं सगळं व्याकरण त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे! "कुठे? बगीच्यात?" असं मी विचारलंसुद्धा नाही. मला ते डोळे दिसले, तो खोकला आठवला, आणि बगीच्यात जवळ कोणी नाही हे आठवलं. घर लांब होतं. समोरच नामदेवरावांचा वाडा होता, आदल्या संध्याकाळी वत्सलाने लांबून दाखवलेला, आणि दारात त्यांची बैलांची दमणी उभी होती.

मी सरळ आत शिरले. ओसरीवर दहा-पंधरा माणसं, गुलालाची परात, हारांचा ढीग. त्यांचा उमेदवार जिंकत होता हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मधे एक उंच, काळेसावळे गृहस्थ बसले होते, त्यांना खोकला आला, त्यावरून मी ओळखलं. मी म्हणाले, "नामदेवराव ना तुम्ही? मी वत्सलाची बहीण. तात्या बगीच्यात पडून आहेत हो! जवळ कोणी नाही. दमणी द्या!"

पुण्यात अशा वेळी निदान "कोण? केव्हा?" इतकं तरी झालं असतं. नामदेवरावांनी काहीच विचारलं नाही. गळ्यातला हार न काढता ते ओसरीवरून खाली उडी मारून आले, पायतण घातलं नाही, स्वतःच्या हाताने बैल जुंपले आणि मला म्हणाले, "बसा बाई." मी कशी चढले आठवत नाही. दमणी अशी सुटली की माझे दात एकमेकांवर आपटत होते. वाटेभर ते एकच पुटपुटत होते, "म्यां त्याच्याकडे जाले पायजे होतं. म्यांच जाले पायजे होतं." वळणावर माझं लुगडं बोरीच्या काट्यात अडकून फाटलं, तरी मी थांबवा म्हटलं नाही.

बगीचा

बगीच्यात धूर दिसला. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ तात्या उकिडवे बसून फुंकणीने गोवऱ्या फुंकत होते. समोर दोन रोडगे, बाहेरून कोळसा झालेले. तात्यांच्या तोंडाला राख लागलेली होती, पण माणूस धडधाकट होता.

नामदेवराव दमणीतून उतरले आणि जागच्या जागी उभे राहिले. तात्यांनी वर पाहिलं. गुलालाने माखलेला, हार घातलेला, अनवाणी मित्र. त्यांच्याही तोंडाचा रंग उडाला.

"कोन मेलं?" तात्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तू," नामदेवराव म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी घामाघूम झाले होते. "अहो, बाजारात म्हणाले," मी चाचरत सांगितलं, "तात्या पडून राहिले म्हणून."

 मग नामदेवराव मटकन खाली बसले आणि हसायला लागले, इतके, की खोकला आला. "बाई, पडून राहिले म्हंजे मोजनीत! हारून राहिला हा! खाटेवर नाही वो!"

तात्यांना हे असं कळलं. कोणी निरोप घेऊन आलं नाही, कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. पुण्याच्या मेव्हणीच्या गैरसमजातून त्यांना आपला पराभव समजला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लई मतानं?" तात्यांनी विचारलं.

"लई."

तात्यांनी फुंकणी खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. आवाज नसल्यामुळे नुसता वारा येत होता.

नामदेवरावांनी डोळे पुसले, उठून जळक्या रोडग्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम आंबट झाला. "हा काय आर म्हनाव काय? गोवऱ्या जाळ धरून राहिल्या अन् तू रोडगे टाकून मोकळा!" त्यांनी काठीने गोवऱ्या पसरल्या, जाळ मारला, राख वर ओढली आणि अंगावरचा हार काढून झाडाच्या फांदीला अडकवला. तात्या परत कणीक मळायला लागले. मी गुपचूप दमणीवाल्या बैलांना सावलीत बांधलं. ते कसं केलं ते मला विचारू नका.

मी परत गावात जाऊन वत्सलाला घेऊन आले, वांगीही घेतली. भाजी तिथेच चुलीवर झाली. दिवस बुडायच्या आधी आम्ही चौघं संत्र्याच्या सावलीत पंगतीला बसलो. रोडगा हाताने फोडला की आतून पापुद्रे सुटतात आणि तूप त्यात हां हां म्हणता मुरतं. असं अन्न मी जन्मात खाल्लं नाही. वत्सला कोणाला दिसू नये म्हणून पदराने सारखं तोंड पुसत होती.

पण तात्या जेवत नव्हते. रोडगा समोर ठेवून ते नामदेवरावांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलंच.

"नाम्या, मत कोनाले देल्लं?"

 मनातल्या मनात मी देवाचा धावा केला. आता एक गोड खोटं बोल, बाबा. पेटीत काय पडलं ते कोणाला दिसतं? "तुलाच दिलं, लोकांना दाखवायला तिकडचं काम केलं" एवढं म्हणालास की सगळं निभावेल. पुण्यात आम्ही हेच केलं असतं, आणि वर तूप वाढलं असतं.

नामदेवराव घास गिळून म्हणाले, "तुले नाही देल्लं."

वत्सलाने डोळे मिटले.

"काहून?"

"काहून म्हंजे? तिथं कौन्सिलात चार लोकांचं आयकून घ्या लागते. तू माह्यं एकट्याचं आयकून घेतलं काय? दारात येऊ नको म्हने! तुले तिथं धाडून सगळ्या वऱ्हाडाले अबोल्यात टाकाचं होतं काय मले?"

तात्यांचा चेहरा लाल झाला. आता ताट उधळतात असं मला वाटलं. पण त्यांनी समोरच्या रोडग्याचा एक पापुद्रा सोडवला.

"अन् आज मी मेलो आयकून अनवानी कायले धावत आला मंग?" त्यांनी विचारलं.

नामदेवरावांना प्रश्नच कळला नाही. खरोखर कळला नाही, मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होते. ते गोंधळून म्हणाले, "आता धावून येनं काय मत होय?"

तात्यांनी वांग्याच्या भाजीचं भांडं ओढलं, वैद्याची मनाई असलेला तिखटजाळ रस्सा आपल्या ताटात घेतला, मग नामदेवरावांच्या ताटात ओतला, आणि त्या बसक्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून म्हणाले, "वत्सला, अजून चार रोडगे काढ! अन् उद्या सकाळी याचा चहा ओसरीवर मांड."